उंच स्क्रीनवरची शेवटची ओळ

रविवार, फेब्रुवारीतला शेवटचा. सकाळी साडेदहा. परतूर, दादाचं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान.

हजर: दादा, वहिनी, मी, आणि जालन्याहून आलेला लॅपटॉप दुरुस्त करणारा.

गैरहजर: थोरले काका.

काम एकच होतं. जुन्या लॅपटॉपला दुसरी स्क्रीन बसवली होती, ती लागते का पाहायचं. लागली तर भाचीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या, लग्नाची पत्रिका उघडायची, तळाशी राहून गेलेली एक ओळ घालायची आणि एक प्रत छापायची. एकच. लग्नाला नऊ महिने होऊन गेले होते. ज्यांच्यासाठी ती प्रत छापायची, त्यांना जाऊन सहा आठवडे.

मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत, ऑफिसात काम करते. कुठल्या गावाला कुठल्या वाणाच्या पिशव्या गेल्या, कुठल्या परत आल्या, याच्या याद्या ठेवणं हे माझं काम. घरीही तेच चालतं. किराणा, औषधं, कुणाकडे कधी जायचं, सगळं वहीत. काम झालं की पुढे बरोबरची खूण. खूण झाली की मी ते डोक्यातून काढून टाकते. माझी इतकी वर्षं यावरच नीट चालली.

आमचे वडील मी पाचवीत असताना गेले. दादा तेव्हा नववीत. घनसावंगीकडच्या आमच्या गावात थोरल्या काकांनी आणि काकूंनी आम्हाला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. ही गोष्ट घरात कुणी बोलायचं नाही, कारण आम्ही होतो. दादाला परतूरला टायपिंगच्या क्लासला काकांनीच घातलं. पुढे त्यानं दुकान टाकलं तेव्हा पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून पहिलं गिऱ्हाईकही तेच झाले. काय टाइप करू म्हटल्यावर म्हणाले, "माझं नाव कर. नीट दिसतंय का बघू."

जुना लॅपटॉप दादानं नवीन जालन्यातल्या एका ऑफिसातून आणला. त्यांच्याकडे नवे येणार होते म्हणून जुने काढून टाकत होते. काका सोबत गेले. परत येताना जीपमध्ये बारा माणसं. काकांनी लॅपटॉप उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि परतूरपर्यंत कुणाचं कोपर लागू दिलं नाही. दुकानात झाकण उघडलं तशी ती जवळजवळ चौकोनी स्क्रीन बघून म्हणाले, "पाटीच हाय की ही. झाकणाची पाटी."

त्या पाटीवर उभी लग्नपत्रिका पूर्ण बसायची. वर गणपती, मग कुलदैवत, मग नवरानवरी, मुहूर्त, ठिकाण, मग नावांच्या रांगा आणि सगळ्यात खाली नक्षीच्या पट्टीला टेकलेली शेवटची ओळ. अक्षरं बारीक असायची पण वाचता यायची. पान एका नजरेत दिसायचं.

आमच्या घराण्यात पत्रिकेची शेवटची ओळ घरातल्या सगळ्यात थोरल्याची असते. एकट्याची. त्या ओळीत दुसरं नाव येत नाही. लहानपणी मी काकांना विचारलं होतं, एवढे मोठे तुम्ही, मग सगळ्यात खाली का? ते म्हणाले, "वरच्यांनी नाचावं, पोरी. खाली एकजण उभा पाहिजे."

दादाची प्रूफ वाचायची पद्धत यातूनच आली असावी. तो पत्रिका खालून वर वाचायचा आणि गिऱ्हाइकालाही तसंच वाचायला लावायचा. लोक वैतागायचे.

"अहो, नवरदेवाचं नाव तरी बघू द्या आधी!"

"नवरदेवाचं नाव सगळा गाव बघतो," दादा म्हणायचा. "खालच्या म्हाताऱ्याचं कोण बघणार? ते चुकलं तर माणूस भरल्या ताटावरून उठतो. चला, तळापासून."

स्टुलावर बसलेले काका मान डोलवायचे. नंतर नंतर तेही कुठलीही पत्रिका हातात आली की तळापासूनच वाचायचे. बिलकुल वर बघायचे नाहीत.

आता स्क्रीनचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

माझ्या ऑफिसातला पहिला लॅपटॉपही तसाच होता. रुंदीला चार तर उंचीला तीन. चार बाय तीन म्हणायचे. गावांची यादी उघडली की जवळजवळ अख्खा तालुका दिसायचा. पुढचा आला तो जरा पसरट. त्याच्या पुढचा सोळा बाय नऊ. वर मेनूच्या पट्ट्या, खाली एक पट्टी, आणि मधल्या फटीत माझी यादी. डावीउजवीकडे रिकामी जागा पडलेली आणि गावं मात्र खाली लपलेली. मी कुरकुर केली नाही. बोटानं सरकवायची सवय करून घेतली. सवय लागली की काय हरवलं हे आठवत नाही, आणि मला तर आठवण ठेवायला वही होती.

दादाच्या लॅपटॉपच्या काही कळा अडकायला लागल्या होत्या. सुरू व्हायला त्याला चहा पिऊन होईल इतका वेळ लागायचा. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी यादीत लिहिलं: दादाला नवा लॅपटॉप. नवीन जालन्यात दुकानात गेले. दुकानदारानं चार उघडून दाखवले, चारही आडवे.

"उंच स्क्रीनचा नाही का? पूर्वी यायचे तसा?"

"मॅडम, चौकोनी बंद होऊन जमाना झाला. आता सगळे असेच येऊन राह्यले. पिच्चर बघायला एकदम बराबर."

"पिच्चर नाही हो, पत्रिका बघायचीय."

"मंग शेजारी शेजारी दोन पत्रिका ठेवा ना, बसतात."

"एक तरी पूर्ण बसते का?"

तो हसला. मीही हसले आणि घेऊन आले. परतूरला जाऊन मी टेबल आवरलं, नवा मधोमध ठेवला आणि जुना वरच्या फळीवर. फळीवर जागा कमी होती म्हणून त्याच्यावर पत्रिकांचे गठ्ठे रचले. दुकान किती सुटसुटीत दिसायला लागलं, हे मीच दोनदा म्हणाले.

दादा नव्यासमोर बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

"बाई, हे आडवं का पडलंय?"

"सरकवायचं रे. बोटानं वर खाली."

"मी पान वाचतो, बाई. कापडाचा तागा उलगडून बघत न्हाई."

"होईल सवय."

पूर्ण पान एकदम बघायला गेलं तर अक्षरं वाचता येत नव्हती, आणि वाचता येतील एवढी केली तर अर्धंच पान. तरी त्यानं मुलीची पत्रिका त्यावरच जुळवली, कारण मी आणलेला होता. शेवटच्या ओळीत काकांचं नाव त्यानं स्वतः घातलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्यानं घातलं होतं.

छापायला द्यायच्या दिवशी दादा आणि वहिनी मंगल कार्यालय बघायला गेले होते. मी सकाळच्या गाडीनं आले होते. "प्रूफ माझ्यावर सोड," मी दादाला म्हटलं. "तुझं लग्नघर आहे, तुला शंभर कामं."

"तळापासून वाच," तो जाताना म्हणाला.

तेवढ्यात मुलाकडच्यांचा फोन आला. तीन नावं राहिली होती. टायपिंग मलाही येतं. मी ती नावं नीट रांगेत घातली. नावं वाढली तशी खालची ओळ खाली सरकली, तिच्यासाठी आखलेल्या चौकटीबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली. जुन्या स्क्रीनवर हे उघड्या डोळ्यांना दिसलं असतं: खालची पट्टी आहे आणि तिच्यावरची जागा मोकळी. नव्या स्क्रीनवर पत्रिकेचा तळ नव्हताच समोर. समोर होती नावांची रांग, आणि ती जिथं संपली तिथं स्क्रीनही संपत होती.

मी दादाची पद्धत मोडली नाही. खालून वर वाचलं, एकेक नाव बोट ठेवून. पण मी स्क्रीनच्या तळापासून वाचलं. पत्रिकेचा तळ आणखी खाली होता.

फाइल प्रेसला पाठवली. वहीत लिहिलं: पत्रिका प्रूफ. पुढे खूण.

पत्रिका आल्या. पहिली देवापुढे ठेवली, दुसरी काकांची. ती द्यायला मीच गेले. यादीत घनसावंगीच्या बाजूची सात घरं होती आणि काकांचं पहिलं. काकूंनी पाट टाकला. मी काकांना कुंकू लावलं, पत्रिकेवर अक्षता ठेवून हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला. पत्रिका उघडली आणि नेहमीसारखं तळाशी बघितलं.

तिथं बोटभर कोरी जागा होती.

त्यांनी पत्रिका जरा लांब धरली. मग जवळ. मग उलटून पाठीमागं बघितलं. मी हे सगळं बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. माझं लक्ष रस्त्याकडं होतं, कारण जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"ताई, चला जल्दी! गाडी भरली!"

"छान झाली गं पत्रिका," काका म्हणाले. "रंग चांगलाय." मग थांबून म्हणाले, "दादानं वाचली का?"

"मी वाचली काका. तळापासून. काळजी नको."

"बराबर," ते म्हणाले. "तू वाचली म्हणजे बराबर."

मी पाया पडले आणि निघाले. जीपमध्ये बसल्या बसल्या वही काढून त्यांच्या नावापुढे खूण केली.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "बाई, शेवटची ओळ कुठंय?"

तोवर तीन तालुक्यांत पत्रिका पोचल्या होत्या. मी परतूरला जाऊन उरलेल्या पत्रिकांसाठी नावाच्या बारीक पट्ट्या छापून घेतल्या आणि कोऱ्या जागेत चिकटवल्या. एक पट्टी काकांच्या पत्रिकेवर लावून येते म्हटल्यावर दादा पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "काकाचं नाव चिकटवणार? पाकिटावरच्या तिकिटासारखं?"

लग्नाला काका सगळ्यांच्या आधी आले. पहाटेच्या जीपनं. कार्यालयाच्या दारात उभे राहून प्रत्येकाचा हात धरून आत घेत होते. आमच्या नात्यातले एक खवचट गृहस्थ त्यांना म्हणाले, "काय हो, पत्रिकेत दिसला न्हाईत!"

"पत्रिकेत कशाला दिसू?" काका म्हणाले. "मी तर दारात उभा हाय."

लोक हसले. दादा दोन पावलांवर होता. तो आत निघून गेला आणि पुढे दिवसभर काकांच्या समोर आला नाही. मुलीचा बाप म्हणून त्याला हजार कामं होती, कुणाला वेगळं वाटलं नाही. मला वाटलं.

लग्नानंतर दादानं ठरवलं की काकांना नवी पत्रिका द्यायची. छापलेली, शेवटच्या ओळीसकट. ती हातात घेऊनच त्यांच्या दारात जायचं, त्याआधी नाही. आणि ती करायची जुन्या लॅपटॉपवर, जिथं पान पूर्ण दिसतं. "ज्या आडव्यानं नाव गिळलं त्याच्यावर पुन्हा न्हाई," तो म्हणाला. फळीवरून त्यानं जुना काढला. झाकण उघडलं तर स्क्रीनला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. वरचे गठ्ठे मीच रचले होते.

मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, दादा, नव्यावर कर, मी शेजारी बसते, दोघं मिळून दहादा वाचू. नाही. जुन्यालाच बाहेरचा चौकोनी मॉनिटर जोडू म्हटलं, तर ती जोडायची जागा आधीपासून खराब. मग आम्ही त्या मापाची स्क्रीन शोधायला लागलो. नवीन जालन्यात पाच दुकानं, संभाजीनगरला चार. सगळीकडे उत्तर एक.

"ह्या मापाची न्हाई येत आता. रुंद सांगा, उद्या लावून देतो."

याच दिवसांत आमच्या ऑफिसात नवे लॅपटॉप आले. त्यांची स्क्रीन पुन्हा थोडी उंच होती. सोबतच्या कागदावर ती नवी सोय म्हणून छापली होती: एका वेळी जास्त ओळी दिसतात. मी तो कागद वाचला आणि दुपारचा डबा न खाता तसाच परत नेला.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दादा दर वर्षी गावी जायचा. त्या वर्षी गेला नाही. मी दुकानात असताना काकांचा फोन आला. दादानं फोन स्पीकरवर ठेवला होता, हातात कातर होती म्हणून.

"येऊन राह्यला का न्हाई रे?"

"येतो काका. एक काम राह्यलंय."

"काम घेऊन ये की इथंच. मी काय तुझी मशीन खातो?"

"होऊ द्या काका. मंग येतो."

"बरं," काका म्हणाले. थोडा वेळ फोनवर नुसते बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचे आवाज आले. "मी हायच घरी."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात बाजेवर बसले होते. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तोवर गेले होते. दादा परतूरहून मोटारसायकलवर गेला तो रिकाम्या हातानं.

तेराव्याच्या दुपारी काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पेटीतून एक पत्रिका काढली. कुंकवाचा डाग तसाच होता. मी तळाशी बघितलं. कोऱ्या जागेत निळ्या पेनानं काकांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, पण ओळ सरळ. खाली पट्टी ठेवून लिहिलं असावं.

"तू दिली त्याच दिवशी लिव्हलं," काकू म्हणाल्या. "तुझी जीप वळली न्हाई तोवर पेन मागितला. मी म्हणलं, हे काय? तर म्हणले, घरी कोणी आलं अन् पत्रिका बघितली तर पोराच्या दुकानाचं नाव खराब व्हईल. दुसरं काय न्हाई बघ त्यांच्या मनात." मग डोळे पुसून म्हणाल्या, "नावाचं त्यांना काय बी न्हाई वाटलं, माय. पोरगा येईना, ह्याचंच वाटलं. रोज जीपच्या टायमाला बाजेवर बसून राह्यचे."

मी पत्रिका मिटली.

"दादाला तूच दे ही," काकू म्हणाल्या. "माझ्यानं त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई."

मी ती पर्समध्ये ठेवली आणि वहीत लिहिलं.

रविवारी दुरुस्त करणाऱ्यानं बटण दाबलं. स्क्रीन भंगारात निघालेल्या एका मशीनची होती. तेराव्यानंतर चार दिवसांनी मिळाली. डाव्या कडेला एक बारीक हिरवी रेघ होती, बाकी स्वच्छ. दादानं पत्रिका उघडली आणि ती गणपतीपासून खालच्या नक्षीपर्यंत पूर्ण समोर आली. शेवटी ती कोरी जागा. दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा ती लगेच दिसली. "दादा, इथं काहीतरी राह्यलं बघा," तो म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

दादानं चौकट खाली ओढली. काकांचं नाव आपसूक वर आलं. ते आतच होतं, सगळा वेळ. त्यानं नावाच्या आधी कर्सर नेला आणि थांबला. आता तिथं 'कैलासवासी' लावायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"लग्नात होते ना ते?" वहिनी म्हणाल्या. "मंग होते तसेच राहू द्या."

त्यानं काही जोडलं नाही. मग बोट ठेवून तळापासून वाचायला लागला. पहिलंच नाव वाचलं आणि बोट तिथंच राहिलं. वरची सगळी पत्रिका वहिनींनी वाचली.

एक प्रत निघाली. दादानं तिची शाई वाळू दिली, पाकिटात घातली आणि माझ्याकडे दिली. "पुढच्या रविवारी काकूला देऊन येऊ. तुझ्याकडं ठेव, तू इसरत न्हाईस." मग त्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "त्यांनी कोरी जागा बघितली ना, बाई, तेच शेवटचं. ते घेऊनच गेले असतील."

माझी पर्स मांडीवर होती. आत काकांची पत्रिका होती, वीतभर अंतरावर. ती दिली तर कोरी जागा त्यांनी त्याच दिवशी भरून टाकली होती हे त्याला कळेल. आणि इतके महिने आपण ज्याची वाट बघत घरी बसलो त्याची काहीच गरज नव्हती, हेही. मी पर्सची चेन उघडली, नवं पाकीट जुन्या पत्रिकेला लावून ठेवलं आणि चेन बंद केली.

जालन्याच्या गाडीत वही काढली. स्क्रीन लागते का बघणे, खूण. शेवटची ओळ, खूण. एक प्रत छापणे, खूण. काकूंना पोचवणे, पुढचा रविवार. आणि पानाच्या तळाशी, गेल्या चार आठवड्यांपासून दर सोमवारी नव्या पानावर उतरवत आलेली ओळ: काकांची पत्रिका दादाला देणे.

तिच्यापुढची जागा मोकळी आहे.